मध्यस्थाचा परवाना



वसंत ऋतूतल्या व्याख्यानांना आपण येतो ते संत, शिवकाल, नाटक किंवा आकाशातले ग्रहतारे यांविषयी दोन शब्द कानी पडावेत म्हणून. आज मात्र मी जमिनीवरच राहणार आहे. जमीन आणि घर यांच्या खरेदीविक्रीत जो मध्यस्थ असतो, ज्याला आपण दलाल किंवा एजंट म्हणतो, आणि त्या घराची किंमत ठरवून देणारा जो मूल्यांकनकार असतो, ज्याला बँकेत व्हॅल्युअर म्हणतात, त्या दोघांचे शिक्षण आणि परवाना हा माझा विषय आहे.

कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. तीन वर्षांच्या कराराकरिता आम्ही रात्री जागवतो, गेटसभा घेतो, वाटाघाटी करतो, प्रसंगी संपावर जातो आणि कामगाराच्या पगारात काही रुपये वाढवून आणतो. अशा दहा करारांची शिल्लक निवृत्तीच्या दिवशी फंड आणि ग्रॅच्युइटी म्हणून त्याच्या हाती पडते. ती शिल्लक एखाद्या प्लॉटच्या व्यवहारात एका दुपारी निघून जाते. मग तीस वर्षे आम्ही जे मिळवले ते कोणासाठी मिळवले? म्हणून हा विषय माझ्या लेखी पगारवाढीइतकाच कामगारांचा आहे, आणि कामगारांचा आहे म्हणजे या सभागृहातल्या शिक्षकांचा, कारकुनांचा आणि लहान दुकानदारांचाही आहे.

माझे शाळेतले शिक्षण आठवीत थांबले. पुढे जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत करार वाचताना, लेबर कोर्टाच्या व्हरांड्यात वकिलांचे बोलणे ऐकताना आणि नगरवाचनालयाच्या बाकावर बसून. तेव्हा कायदेपंडित म्हणून मी उभा नाही. कायद्याचा कागद दहा वेळा वाचून समजून घेणारा एक माणूस म्हणून उभा आहे.

प्रथम आपण सांगलीच्या मार्केट यार्डात जाऊ. हळदीचा सौदा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तेथे अडत्याला बाजार समितीचा परवाना लागतो. खरेदीदाराला लागतो. पोते काट्यावर ठेवून वजन सांगणाऱ्या तोलाईदारालाही लागतो. १९६३ च्या बाजार समिती कायद्याने हे सर्व बांधून दिले आहे. ज्या काट्यावर पोते तोलायचे त्याची तपासणी होऊन त्यावर सरकारी शिक्का बसतो. एका पोत्याच्या वजनात शेतकरी नाडला जाऊ नये म्हणून समाजाने एवढी काळजी घेतली, आणि ती योग्यच घेतली. परंतु त्याच शेतकऱ्याने हळदीचे पैसे साठवून विश्रामबागेत मुलासाठी फ्लॅट घ्यायचे ठरवले, तर तो फ्लॅट दाखवणाऱ्या, त्याचे कागद 'क्लिअर' आहेत असे सांगणाऱ्या आणि किमतीवर शेकड्याने दलाली घेणाऱ्या माणसाला २०१७ सालापर्यंत आपल्या राज्यात अशी कोणतीही नोंदणी सक्तीची नव्हती. पोते तोलणाऱ्याला परवाना आणि आयुष्याची पुंजी तोलणाऱ्याला काहीच नाही, असा हा उलटा न्याय होता.

असे का झाले? याचे एक कारण आपल्या जुन्या ग्रामव्यवस्थेत सापडते. पूर्वी मिरासी जमिनीचा व्यवहार चार भिंतींआड होत नसे. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि शेजारचे मिरासदार यांच्या साक्षीने तो होई आणि तंटा पडला तर गोतसभा बसून महजर होई. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला तिथे आवाज नव्हता, हे मी विसरलेलो नाही. पण एक गोष्ट होती: कोणती जमीन कोणाची, तिच्यावर कोणाचा हक्क आणि तिचे मोल किती, हे सगळ्या गावाला ठाऊक असे. सारे गावच मध्यस्थ आणि सारे गावच मूल्यांकनकार.

आज माणदेशातला माणूस कुपवाडच्या कारखान्यात काम करतो. पाटणचा माणूस मुंबईच्या गोदीत ओझी वाहून साताऱ्यात घर घेऊ पाहतो. ज्या गावात तो जमीन घेतो त्या गावाला तो ओळखत नाही आणि ते गाव त्याला ओळखत नाही. गावाकडे असलेले हे ज्ञान आता एका माणसाच्या हाती आले आहे. तो माणूस म्हणजे एजंट. ज्ञान त्याच्या हाती आले, पण ते त्याच्यापाशी खरोखर आहे की नाही हे कोणी पाहायचे?

येथे मी माझ्या परिचयातली एक हकिकत सांगतो. नावे सांगत नाही, कारण दोन्ही माणसे आपल्यातलीच आहेत. एक कामगार निवृत्त झाला. त्याने गावाबाहेर दोन गुंठ्यांचा प्लॉट घेतला. व्यवहार करून देणारा एजंट हा एका बंद पडलेल्या कारखान्यातून कमी केलेला माणूस होता आणि पोटासाठी दलालीत शिरला होता. त्याने सातबारा आणला, मालकाचे नाव दाखवले, "खरेदीखत सावकाश करू, तूर्त नोटरी करून घेऊ" असे मालक म्हणाला ते त्याने खरे मानले. पुढे कळले की ती जमीन धरणग्रस्ताला पुनर्वसनात मिळालेली, भोगवटादार वर्ग २ ची होती. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकताच येत नव्हती. सातबाऱ्यावर ते लिहिलेले होते. एजंटाने सातबारा पाहिला होता, पण त्या ओळीचा अर्थ त्याला कोणी शिकवलेला नव्हता. त्या बिचाऱ्याने आपली दलाली हप्त्याहप्त्याने परत आणून दिली. मूळ रक्कम मात्र मालकाकडून निघाली नाही.

बंधूंनो, यात लबाड कोण, असे मला पुष्कळ जण विचारतात. मालकाचे काय ते त्याचा देव जाणे. पण तो एजंट लबाड नव्हता. तो अडाणी होता. लबाडीला फौजदारी कायदा आहे, पोलीस चौकी आहे. अज्ञानाला पोलीस काय करणार? आणि ज्याची पुंजी गेली त्याला लबाडीने गेली काय आणि अज्ञानाने गेली काय, सारखेच. अज्ञानावर शिक्षणाखेरीज औषध नाही, आणि शिक्षण घेतले की नाही हे तपासायला परीक्षेखेरीज दुसरे साधन नाही. परवान्याची गरज येथून सुरू होते.

आपल्या या दोन जिल्ह्यांत काम करणाऱ्या एजंटाला काय काय यायला हवे याची यादी मी मनाशी केली आहे. ती ऐकली म्हणजे हा धंदा केवळ बोलघेवडेपणाचा नाही हे ध्यानात येईल.

पहिली गोष्ट सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा मिळून हा उतारा होतो. मालकाचे नाव वाचता येणे म्हणजे सातबारा वाचता येणे नव्हे. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पाहिले पाहिजे. पुनर्वसनाच्या, जुन्या वतनाच्या, सरकारने वाटप केलेल्या जमिनी सामान्यतः वर्ग २ मध्ये येतात, आणि कोयनेपासून आजपर्यंत जेथे धरणामागून धरण झाले त्या आपल्या भागात अशा जमिनी थोड्या नाहीत. मग 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींचे हक्क, विहिरीतला हिस्सा हे सारे तेथे दडलेले असते. त्यानंतर फेरफाराच्या नोंदी. नाव आज लागलेले दिसते, पण ते वारसाने लागले, वाटणीने लागले की खरेदीने, हे फेरफार सांगतो.

दुसरी गोष्ट, शेतजमीन कोण घेऊ शकतो. १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे, काही अपवाद सोडले तर, शेतकरी नसलेल्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना शेतजमीन विकत घेता येत नाही. कारखान्यातल्या ज्या कामगाराचे गावी वीतभरही शेत नाही त्याला 'फार्म प्लॉट' म्हणून शेताचा तुकडा दाखवणाऱ्याला हे माहीत हवे. त्यातच १९४७ चा तुकडेबंदीचा कायदा. यात अलीकडच्या वर्षांत वरचेवर फेरफार झाले, त्यामुळे पाच वर्षांपूर्वी ऐकलेले आज चालत नाही. गुंठेवारीचेही तसेच. सांगली, मिरज, कुपवाड या शहरांच्या कडेने गुंठेवारीच्या केवढ्या वसाहती झाल्या हे आपण पाहतो. त्या नियमाधीन करण्याचा कायदा २००१ साली झाला आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला त्याचा लाभ देण्यात आला. 'आज ना उद्या रेग्युलर होईल' हे एजंटाचे आवडते वाक्य आहे. परंतु कोणती होईल आणि कोणती होणार नाही, हे त्याला सांगता आले पाहिजे.

तिसरी गोष्ट पाणी. सांगलीकरांना हे मी सांगायला नको. २००५ साली पाणी आले, २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी ते ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ साली पुन्हा घरात शिरले. नदीकाठी दोन रेषा असतात, निळी आणि लाल. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आणि दोन रेषांमध्ये निर्बंध, असे त्यांचे साधारण स्वरूप आहे. उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत प्लॉट दाखवणाऱ्या एजंटाने या रेषा नकाशावर दाखवल्या पाहिजेत. साताऱ्याकडे पाण्याऐवजी डोंगर आहे. महाबळेश्वर-पाचगणी हा प्रदेश २००१ साली केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला आणि कासचे पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. 'डोंगराकडेला बंगल्याची जागा' ही जाहिरात वाचताना त्या जागी बंगला बांधता येतो का, हे विचारायला हवे.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे कागद. इसार पावती, साठेखत आणि खरेदीखत या तिहींत फरक आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याने स्पष्ट म्हटले आहे की विक्रीच्या करारामुळे मालमत्तेत कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. मालकी मिळते ती नोंदलेल्या खरेदीखताने. नोटरीचा शिक्का कितीही गोल आणि जांभळा असला तरी तो दुय्यम निबंधकाच्या नोंदणीची जागा घेत नाही.

आता कायद्याने आजवर काय केले ते पाहू. १९६३ साली महाराष्ट्राने फ्लॅटच्या मालकीविषयी कायदा केला आणि बिल्डरवर काही बंधने घातली. एजंट त्यातून सुटला होता. २०१६ साली संसदेने स्थावर संपदा कायदा केला, ज्याला सगळे रेरा म्हणतात. आपल्याकडे २०१७ साली महारेरा हे प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याच वर्षीच्या १ मेपासून कायदा पुरता अमलात आला. त्याच्या नवव्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट किंवा प्लॉट विकून देणाऱ्या एजंटाला नोंदणी सक्तीची झाली. दहाव्या कलमाने त्याची कर्तव्ये सांगितली: हिशेबाची वह्या-पुस्तके ठेवणे, खोटी वर्णने न करणे, नोंदणी न झालेल्या प्रकल्पाची विक्री न करणे आणि घेणाऱ्याला मिळायला हवेत ते सर्व कागद त्याच्या हाती पडतील असे पाहणे. नोंदणीवाचून धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये आणि वाढत वाढत त्या मालमत्तेच्या किमतीच्या शेकडा पाचपर्यंत दंड होऊ शकतो.

परंतु नोंदणी म्हणजे शिक्षण नव्हे. अर्ज भरला, फी भरली, नंबर मिळाला, एवढ्याने सातबारा वाचता येत नाही. ही उणीव महारेराने १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने भरून काढायला सुरुवात केली. एजंटासाठी २० तासांचे प्रशिक्षण, त्यानंतर परीक्षा आणि ती उत्तीर्ण झाल्यावर सक्षमता प्रमाणपत्र, अशी ती योजना आहे. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. १ जानेवारी २०२४ पासून हे प्रमाणपत्र सक्तीचे झाले आणि त्याच वर्षी, मुदतीत ते न घेणाऱ्या सुमारे २०,००० एजंटांची नोंदणी महारेराने स्थगित केली.

सक्षमता प्रमाणपत्र हा शब्द ऐकताच मला साखर कारखान्यातले बॉयलर आठवले. आमच्या बॉयलर अटेंडंटला असे प्रमाणपत्र फार पूर्वीपासून लागते. आधी काही काळ बॉयलरवर हाताखाली काम, मग परीक्षा, तीही नुसती कागदावर नाही. परीक्षक समोर उभा राहून विचारतो की पाण्याची पातळी काचेत दिसेनाशी झाली तर तू काय करशील? कारण तेथे चूक झाली तर माणसे मरतात. घराच्या व्यवहारात चूक झाली तर माणूस मरत नाही, पण पुष्कळदा जगायचा राहतो. या मापाने पाहिले तर २० तास ही केवळ सुरुवात आहे. तिचे मी स्वागत करतो, पण तिला शेवट म्हणायला तयार नाही. ज्या तालुक्यात एजंट काम करणार त्या तालुक्यातले दहा सातबारे आणि एक पूररेषेचा नकाशा त्याच्यापुढे ठेवून 'वाच' म्हटले पाहिजे. ती खरी परीक्षा.

आता व्हॅल्युअरकडे वळू. एजंट आपल्याला दिसतो, व्हॅल्युअर दिसत नाही. तो येतो, टेप लावतो, दोन छायाचित्रे काढतो आणि जातो. पण बँक कर्ज किती देणार, हे त्याच्या अहवालावर ठरते. लोकांच्या मनात येथे फार घोटाळा आहे, म्हणून जरा थांबतो. एका घराच्या तीन किमती आपण ऐकतो. एक सरकारी, म्हणजे रेडी रेकनरची. ती मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी भागाभागाप्रमाणे ठरवलेली असते. तो दर त्या भागाचा असतो, तुमच्या घराचा नसतो. दुसरी एजंट सांगतो ती, म्हणजे विकणाऱ्याची अपेक्षा. आणि तिसरी, आज खुल्या बाजारात, कोणाचीही घाई किंवा नड नसताना, जाणत्या घेणाऱ्याने जाणत्या विकणाऱ्याला जी द्यावी ती. ही तिसरी किंमत शोधणे हे व्हॅल्युअरचे काम. एकाच गल्लीत, एकाच मापाची, एकाच विटांची दोन घरे असतात. एकात २०१९ साली छातीभर पाणी होते, दुसरे जोत्याच्या उंचीमुळे वाचले. रेडी रेकनरला हा फरक कळत नाही. तो माणसालाच कळावा लागतो.

या माणसाच्या शिक्षणाचे काय? १९५७ च्या संपत्तिकर कायद्याखाली नोंदणीकृत व्हॅल्युअरची पद्धत १९७० च्या दशकात आली. पुढे कंपनी कायद्याखाली २०१७ साली नियम झाले. जमीन व इमारत या वर्गासाठी स्थापत्य, वास्तुशास्त्र किंवा नगररचना यांतली पदवी, पाच वर्षांचा अनुभव, ५० तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा, अशी अट त्यांत आहे. हे चांगले आहे. पण हे नियम कंपनी कायद्याच्या आणि दिवाळखोरीच्या कामांपुरते आहेत. आपल्या गृहकर्जासाठी बँक आपल्या यादीतला व्हॅल्युअर नेमते. म्हणजे एकाच धंद्याला वेगवेगळ्या कामांसाठी वेगवेगळी फूटपट्टी. सर्व व्हॅल्युअरांसाठी एकच कायदा असावा अशा विधेयकाचा मसुदा सरकारने नेमलेल्या समितीने २०२० साली सादर केला. तो कायदा होणे आपल्या हिताचे आहे.

हे झाले नाही तर काय होते, हे पाहायला अमेरिकेचे उदाहरण घ्या. एजंटाला परवाना देण्याचा कायदा कॅलिफोर्नियात १९१९ सालीच पक्का झाला होता, पण व्हॅल्युअरकडे तेथे पुढची सत्तर वर्षे दुर्लक्ष झाले. १९८० च्या दशकात तेथल्या बचत-कर्ज संस्था, म्हणजे आपल्या पतसंस्थांसारख्याच संस्था, फुगवलेल्या मूल्यांकनांवर कर्जे देत गेल्या. इतरही कारणे होती, पण हे एक मोठे कारण ठरले. १९८६ ते १९९५ या काळात अशा १,०४३ संस्था बुडाल्या. तेव्हा १९८९ साली कायदा करून प्रत्येक राज्यात व्हॅल्युअरला परवाना सक्तीचा करावा लागला. आज तेथे घरांच्या मूल्यांकनाचा प्राथमिक परवाना घ्यायलासुद्धा १५० तासांचे शिक्षण आणि १,००० तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. पतसंस्थेत ठेव अडकली म्हणजे काय होते हे या जिल्ह्यांतल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. ठेव आपली, तारण दुसऱ्याचे आणि त्या तारणाची किंमत सांगणारा तिसराच. तो तिसरा चुकला की पहिला बुडतो.

आता आपल्याकडचे छिद्र दाखवतो. रेराची एजंटाला असलेली सक्ती नोंदणीकृत प्रकल्पापुरती आहे, आणि जो प्रकल्प ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नाही किंवा ज्यात आठपेक्षा जास्त घरे नाहीत त्याला नोंदणीच लागत नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे जवळजवळ पाच गुंठे. पुणे-मुंबईच्या मोठ्या संकुलांना हा कायदा नीट बसतो. पण इस्लामपूर, विटा, वाई, कोरेगाव येथे चार-चार गुंठ्यांचे तुकडे विकले जातात. जुन्या घराची एकाने दुसऱ्याला केलेली विक्री होते, शेतजमिनीचा सौदा होतो. तेथे मध्यस्थाला आजही या कायद्याची सक्ती लागू नाही. मी सांगितलेल्या हकिकतीतला दोन गुंठ्यांचा प्लॉटही तिच्या बाहेरच होता. ज्याच्यापाशी थोडे पैसे असतात तो लहान तुकडा घेतो, आणि लहान तुकड्यालाच संरक्षण नाही. कायद्याने इमारतीचे माप पाहिले, घेणाऱ्याची जोखीम पाहिली नाही. माझे आजचे सारे म्हणणे या एका वाक्यात आहे: परवान्याची हद्द प्रकल्पाच्या आकाराने ठरू नये, घेणाऱ्याच्या जोखमीने ठरावी.

याला एक आक्षेप येईल आणि तो आमच्याच माणसांकडून येईल. कारखाना बंद पडला म्हणून जो दलालीत गेला, त्याच्या तोंडचा घास तुम्ही परीक्षा लावून काढता काय? परवाना म्हणजे फी, हेलपाटे आणि कचेरीतली आर्जवे. हा आक्षेप मी हलका मानत नाही. परवान्याची भिंत उंच केली की आत असलेले सुखी होतात आणि गरीब बाहेर राहतो, हे इतिहासात अनेक धंद्यांत झाले आहे.

त्यांना मी माथाडीचे उदाहरण देतो. पाटण तालुक्यातले अण्णासाहेब पाटील यांनी मुंबईत ओझी वाहणाऱ्या आपल्या माणसांना एकत्र केले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्यात हमालाची नोंदणी होते, मालकाची नोंदणी होते, मजुरी मंडळामार्फत मिळते. त्या नोंदणीने हमालाचा घास गेला काय? उलट ज्याला कोणी ओळखत नव्हते त्याला नाव मिळाले, फंड मिळाला, प्रतिष्ठा मिळाली. नोंदणी कामगाराने मागितली होती, त्याच्यावर लादलेली नव्हती. प्रामाणिक एजंटानेही परवाना असाच मागावा असे मला वाटते. कारण आज त्याला आणि लबाडाला लोक एकाच शब्दाने ओळखतात. 'दलाल' ही शिवी झाली आहे. ती शिवी पुसण्याचा दुसरा मार्ग नाही.

मात्र त्यासाठी काही गोष्टी व्हायला हव्यात. शिक्षण आणि परीक्षा मराठीत हवी, आणि ती तालुक्याच्या गावी मिळायला हवी. कमी केलेल्या कामगाराला फी हप्त्याने भरता यावी. जुन्या घरांचे, शेतजमिनीचे आणि लहान प्लॉटचे मध्यस्थही यात यावेत. एजंट विकणाऱ्याचा आहे, घेणाऱ्याचा आहे की दोघांचा, हे त्याने पहिल्याच दिवशी लेखी सांगावे. कारण शेकड्याने दलाली घेणाऱ्याला किंमत वाढण्यातच लाभ असतो, आणि नुसत्या शिक्षणाने तो मोह जात नाही. आणि व्हॅल्युएशनची फी कर्जदाराकडून घेतली जाते, तेव्हा त्या अहवालाची प्रत कर्जदाराच्या हाती मिळावी. आज पुष्कळदा ती मिळत नाही. आपण पैसे देऊन केलेले मोजमाप आपल्यालाच न दाखवण्यात कोणता न्याय आहे?

सरकार करील तेव्हा करील. आपण काय करायचे? एजंट भेटला की चार गोष्टी विचारा. तुमची नोंदणी आणि सक्षमता प्रमाणपत्र आहे का? ही जमीन वर्ग १ ची की वर्ग २ ची, ते या उताऱ्यावर मला बोट ठेवून दाखवा. पूररेषा कोठे आहे? आणि खरेदीखत कोणत्या दिवशी नोंदणार? चौथ्या प्रश्नाला 'नंतर पाहू' असे उत्तर मिळाले तर चहा पिऊन उठा. संघटनांना माझे सांगणे आहे की निवृत्त होणाऱ्या सभासदाला हार-नारळ द्या, पण त्याआधी एक दिवस त्याला बसवून सातबारा वाचायला शिकवा. वाचनालयांनी असे वर्ग घ्यावेत. पोत्याच्या काट्यावर शिक्का आहे की नाही हे आपला शेतकरी वाकून पाहतो. जमिनीच्या व्यवहारात तेवढेच वाकून पाहण्याची सवय आपल्याला लागली, तर आजची संध्याकाळ फुकट गेली असे मी म्हणणार नाही.